युतीतील धाकटी पाती
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या राजकीय इतिहासाचे एक पान)

पाटीलकीच्या वतनात थोरली पाती व धाकटी पाती असे दोन विभाग असत, हे आपल्या भागातील जुन्या माणसांस सांगावयास नको. वतन एकच, गावही एकच. परंतु पोळ्याच्या दिवशी कोणाचा बैल आधी वेशीतून जावयाचा, होळीत पहिली पोळी कोणाची पडावयाची, लग्नसमारंभात पहिला विडा कोणी उचलावयाचा, हे सारे मानपान पातीवरून ठरत. धाकट्या पातीस उत्पन्नात वाटा मिळे, परंतु पहिला मान मिळत नसे. ती वाट पाही. कधी थोरल्या घरात कर्ता पुरुष राहिला नाही, तर मान आपोआप तिच्याकडे चालून येई. कधी वाट पाहता पाहता तिचे घरच मोडून जाई. वतने कायद्याने गेली, तरी ही रीत गेली नाही. ती गावच्या वेशीतून उठून विधानसभेच्या सभागृहात जाऊन बसली. वृत्तपत्रे तिला आज 'थोरला भाऊ' व 'धाकटा भाऊ' या नावांनी ओळखतात.

प्रस्तुत लेखात आम्हांस अशाच एका धाकट्या पातीची कथा सांगावयाची आहे. धर्मविचारातून प्रेरणा घेणारा एक राजकीय पक्ष, प्रथम भारतीय जनसंघ व पुढे भारतीय जनता पक्ष या नावाने, महाराष्ट्रात कित्येक वर्षे दुसऱ्याच्या मांडवात धाकट्या मानाने वावरला. या मुक्कामात त्याने काय मिळविले व काय गमाविले, आणि त्यावरून आपल्यासारख्या लहान ज्ञातिसंस्थेने काय घ्यावे, हा आमचा विषय आहे. कोणत्याही पक्षाची भलावण अथवा निंदा करावी, हा हेतू नाही.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत जे शिलालेख आहेत, त्यांत राजांपेक्षा व्यावसायिकांच्या श्रेणींचीच नावे अधिक मनास भिडतात. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिल्याचा लेख तेथे आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्याकरिता ठेवी ठेवल्याचा उल्लेखही आहे. इतकेच नव्हे, तर इरिल, चिट व चंद या तीन यवनांनीही येथे दाने दिली आहेत. दोन सहस्र वर्षांपूर्वी ज्यास आज आपण संघ अथवा मंडळ म्हणू, तशा संस्था या गावी नांदत होत्या. त्या धर्मास साहाय्य करीत, राजसत्तेच्या छायेत राहत, परंतु आपला हिशेब आपणच ठेवीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या अखेरीस तिच्याकडे पुनः यावयाचे आहे.

या दोन तालुक्यांत धर्माचा पगडा कमी होता असे कोणी म्हणणार नाही. लेण्याद्री व ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. ओतूर येथे बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी आळे येथे असल्याचे परंपरा सांगते. आंबेगावच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या रांगा उभ्या आहेत, आणि शिवनेरीविषयी तर बोलावयासच नको. आषाढीची वाट धरणारे वारकरी येथे घरोघर आहेत. असे असूनही धर्माचे नाव घेणाऱ्या पक्षास येथे स्वतःच्या बळावर फार काळ पाय रोवता आला नाही. याचे कारण आमच्या मते असे की, येथील शेतकऱ्याचा धर्म जत्रेत, सप्ताहात व वारीत होता. त्याचे राजकारण मात्र पाटाच्या पाण्यात, सोसायटीच्या कर्जात व पुढे साखर कारखान्याच्या काट्यावर होते. जो पक्ष पाणी व कर्ज देऊ शके, त्याच्या मागे तो जाई. त्यासाठी देव्हाऱ्यातील देव बदलण्याचे त्यास कारण नव्हते.

आता मूळ कथेकडे वळू. भारतीय जनसंघाची स्थापना २१ ऑक्टोबर १९५१ रोजी झाली. महाराष्ट्रात, आणि विशेषतः पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, त्या पक्षास काळ अनुकूल नव्हता. १९४८ सालच्या गांधीहत्येनंतर उसळलेल्या क्षोभाच्या आठवणी ताज्या होत्या. हा पक्ष शहरातील पांढरपेशांचा, अशीच खेड्यांतील समजूत होती. अशा पक्षास पहिला मोठा मांडव मिळाला तो संयुक्त महाराष्ट्र समितीचा.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात समितीची स्थापना झाली. मुंबईसह मराठी भाषिकांचे एक राज्य, या एका मागणीखाली प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे पक्ष एकत्र आले. जनसंघ व हिंदुमहासभाही त्या मांडवात आल्या. एका बाजूस कॉम्रेड डांगे, दुसऱ्या बाजूस एस. एम. जोशी, आणि कडेच्या पाटावर जनसंघाचे कार्यकर्ते, असे ते विलक्षण पंक्तिभोजन होते. याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, १९५७ च्या निवडणुकीत, हिंदुधर्माचा अभिमान सांगणारा पक्ष व तो धर्म सोडून आलेल्यांचा पक्ष हे एकाच समितीचे घटक म्हणून मतदारांपुढे उभे होते. आपल्या उत्तर पुणे जिल्ह्यातील खेड लोकसभा मतदारसंघातून त्या वर्षी फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके निवडून आले. भाषिक राज्याच्या ओढीने त्या दिवसांत जातीची व धर्माची गणिते काही काळ तरी बाजूस सरली होती, याचा हा निकाल म्हणजे पुरावाच होय.

त्या निवडणुकीत द्वैभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांपैकी काँग्रेसने २३४ जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षास ३६, शेतकरी कामगार पक्षास ३१, कम्युनिस्टांस १३ व फेडरेशनलाही १३ जागा मिळाल्या. जनसंघाच्या वाट्यास अवघ्या ४ व हिंदुमहासभेच्या वाट्यास १ जागा आली. परंतु लोकसभेत जनसंघाचे जे चार सभासद देशभरातून निवडून आले, त्यांपैकी दोन महाराष्ट्रातील होते: धुळ्याचे उत्तमराव पाटील व रत्नागिरीचे प्रेमजी आशर. मांडवाची सावली काय करते, हे यावरून कळते.

आणि ती सावली गेली म्हणजे काय होते, हेही लवकरच कळले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ज्या एका मागणीने सर्वांस बांधले होते ती पूर्ण झाल्यावर घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने घेतल्या. जनसंघास एकही मिळाली नाही. १९६७ साली ४ व १९७२ साली ५, अशी त्याची वाटचाल होती. पणतीची ज्योत विझली नाही, परंतु तिने घर उजळलेही नाही.

याच सुमारास देशाच्या अन्य भागांत धर्माधिष्ठित पक्षांनी धाकट्या पातीचा संसार कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. १९६७ साली केरळात नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात मुस्लिम लीग सहभागी झाली. सी. एच. महंमद कोया यांनी शिक्षणखाते घेतले. लीगने आपली मागणी मोजकी ठेवली, आणि १६ जून १९६९ रोजी मलप्पुरम हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, हेच कोया अल्पकाळ का होईना, राज्याचे मुख्यमंत्री झाले. १९६७ सालीच पंजाबात अकाली दलाच्या गुरनामसिंग यांच्या मंत्रिमंडळात जनसंघ धाकटा भागीदार होता. इस्राएल देशात १९५६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय धार्मिक पक्ष सुमारे वीस वर्षे मजूर पक्षाच्या सरकारांत धाकटा भागीदार म्हणून बसला, आणि धार्मिक कायद्याच्या बाबतीत आपला शब्द राखून घेत राहिला. १९७६ च्या अखेरीस लढाऊ विमानांच्या स्वागताचा समारंभ शब्बाथच्या वेळेस भिडला, यावरून वाद पेटला व ते सरकार गेले. पुढच्याच वर्षी मजूर पक्षाची सत्ताही गेली. धाकट्या पातीचा रुसवा कधी कधी थोरलीचे घर पाडतो, तो असा.

महाराष्ट्रात जनसंघास सत्तेचा प्रथम स्पर्श झाला तो १९७८ साली, आणि तोही स्वतःच्या नावाने नव्हे. आणीबाणीनंतर जनसंघ जनता पक्षात विलीन झाला होता. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले, त्यात जनता पक्षाच्या वतीने उत्तमराव पाटील व हशू अडवाणी ही पूर्वाश्रमीच्या जनसंघाची माणसे मंत्री झाली. परंतु दिल्लीत त्याच वेळी 'दुहेरी सदस्यत्वा'चा वाद सुरू झाला. जनता पक्षात राहावयाचे तर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते तोडा, असे भागीदारांचे म्हणणे होते. सत्तेतील वाटा की कुळाचा आचार, असा हा पेच होता. पूर्वाश्रमीच्या जनसंघीयांनी आचार सोडला नाही. ६ एप्रिल १९८० रोजी भारतीय जनता पक्ष निराळा झाला. त्या वर्षी महाराष्ट्र विधानसभेत त्याचे १४ व १९८५ साली १६ सभासद निवडून आले.

यानंतरचा एक प्रसंग आंबेगावकरांस जवळचा आहे. १९८९ साली खेड मतदारसंघातून मंचरचे किसनराव बाणखेले हे जनता दलाच्या तिकिटावर लोकसभेत गेले. विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार डावे पक्ष व ८५ सभासदांचा भारतीय जनता पक्ष यांच्या बाहेरील पाठिंब्यावर उभे होते. बाहेरून टेकू देणारा हा भागीदार मंत्रिपद घेत नाही, म्हणून त्यास गमाविण्यासारखे काही नसते. २३ ऑक्टोबर १९९० रोजी बिहारमध्ये लालकृष्ण अडवाणी यांची रथयात्रा अडवून त्यांस अटक झाली. पक्षाने पाठिंबा काढून घेतला. ७ नोव्हेंबर रोजी सरकार पडले. मंचरच्या प्रतिनिधीचे सत्ताधारी बाकावरील आसन अयोध्येच्या प्रश्नाने हलविले. घोड नदीच्या काठच्या मतदाराने दिलेल्या मताचे भवितव्य शरयूच्या काठी ठरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १९८९ मध्ये, महाराष्ट्रात शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांची युती झाली होती. येथून खऱ्या अर्थाने धाकट्या पातीचा संसार सुरू झाला. १९९० साली शिवसेनेने १८३ जागा लढवून ५२ जिंकल्या. भाजपने शंभराहून थोड्या अधिक लढवून ४२ मिळविल्या. १९९५ साली शिवसेनेच्या १६९ पैकी ७३ व भाजपच्या ११६ पैकी ६५ जागा आल्या. अपक्षांच्या साहाय्याने १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी मुख्यमंत्री व गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. वाटा लहान, परंतु वाट्यास आलेले रान कसण्याची हातोटी मोठी, हे या आकड्यांवरून दिसून येईल.

धाकट्या भागीदाराने या सरकारात आपल्या श्रद्धेचा एक विषय पुढे रेटला, तो गोवंशाचा. गोवंशहत्येवरील बंदी वाढविणारे विधेयक युतीच्या काळात विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती मात्र त्यास २०१५ साली, म्हणजे स्वपक्षाची सत्ता दिल्लीत व मुंबईत आल्यावर मिळाली. वीस वर्षे हे विधेयक कागदावर राहिले. बेल्ह्याच्या बैलबाजारास जाणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा केवळ श्रद्धेचा प्रश्न नव्हता. थकलेल्या जनावराचे पुढे काय करावयाचे, हा दाव्याला बांधलेला प्रश्न होता. कोणत्याही धार्मिक मागणीस अशी एक व्यवहाराची बाजू असते, आणि भाषणात ती क्वचितच येते.

आता जुन्नरमध्ये काय झाले ते पाहू. जागावाटपात जुन्नरची जागा शिवसेनेकडे गेली. १९९५ व १९९९ या दोन्ही निवडणुकांत शिवसेनेचे बाळासाहेब दांगट येथून निवडून आले. लोकसभेसही तोच नियम राहिला. २००४ साली खेडमधून आणि २००९ व २०१४ साली शिरूरमधून शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील विजयी झाले, ते आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीचे. याचा अर्थ असा की, या भागातील कमळाच्या कार्यकर्त्याने निवडणुकीमागून निवडणूक धनुष्यबाणाच्या चिठ्ठ्या वाटल्या. त्याने सभेस सतरंज्या घातल्या, मतदारयाद्या काढल्या, घरोघर हिंडला; उमेदवार मात्र त्याचा नव्हता. १९९० ते २०२४ या काळात जुन्नर व आंबेगाव या दोन्ही मतदारसंघांतून कमळ या चिन्हावर एकही आमदार निवडून गेलेला नाही. आंबेगावात तर १९९० पासून दिलीप वळसे पाटील हेच निवडून येत राहिले, प्रथम काँग्रेसचे व पुढे राष्ट्रवादी काँग्रेसचे म्हणून.

येथे धाकट्या पातीचे खरे दुःख आहे. राज्यात पक्ष वाढतो, मंत्री होतात, परंतु ज्या तालुक्यात जागा दुसऱ्यास दिली तेथील कार्यकर्ता कायमचा सतरंजीवालाच राहतो. वरच्या मजल्यावरील तडजोडीची किंमत खालच्या ओसरीवरील माणूस मोजतो. त्याचे नाव कोणत्याही करारात नसते.

राज्याच्या पातळीवर मात्र वाट पाहणाऱ्यास मान मिळाला. २००९ साली भाजपच्या ४६ व शिवसेनेच्या ४४ जागा आल्या. पाती उलटण्याची ती पहिली खूण होती. २५ सप्टेंबर २०१४ रोजी युती तुटली. निवडणुकीत भाजपने १२२ व शिवसेनेने ६३ जागा मिळविल्या आणि डिसेंबरात शिवसेना धाकटी होऊन सरकारात आली. जुन्नरकरांनी त्या वेळी दोघांसही बाजूस सारून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे शरद सोनवणे यांस निवडून दिले. त्या पक्षाचे ते राज्यातील एकमेव आमदार ठरले. ३० जून २०२२ रोजी आणखी एक नवल घडले: संख्येने सर्वांत मोठा असलेल्या भाजपने मुख्यमंत्रिपद एकनाथ शिंदे यांस देऊन उपमुख्यमंत्रिपद आपल्याकडे ठेविले. बळ थोरल्याचे व पाट धाकट्याचा, असा हा प्रकार होता. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचा अजित पवार यांचा गट त्याच सरकारात आला, आणि आंबेगावचे वळसे पाटील त्यात मंत्री झाले. ज्या पक्षाशी आंबेगावच्या मतदाराने तीस वर्षे सामना केला, त्याच्याच पंक्तीस आता त्याचा प्रतिनिधी धाकट्या मानाने बसला. २०२४ च्या निवडणुकीत वळसे पाटील अल्प मताधिक्याने निवडून आले. जुन्नरमध्ये तर सत्ताधारी युतीच्या उमेदवारास मागे टाकून शरद सोनवणे अपक्ष म्हणून विजयी झाले. ५ डिसेंबर २०२४ रोजी देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले, तेव्हा १९५७ सालच्या चार जागांच्या पक्षाचे १३२ आमदार होते.

या सर्व इतिहासावरून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की, एकाच ध्येयाकरिता केलेली युती ध्येयपूर्तीबरोबर संपते, आणि त्यात खेद मानण्याचे कारण नाही. समिती मोडली, परंतु महाराष्ट्र राहिला. दुसरी ही की, धाकट्या भागीदाराची मागणी जितकी मोजकी व स्पष्ट, तितकी ती पदरात पडण्याचा संभव अधिक. मलप्पुरमचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तिसरी व महत्त्वाची ही की, जो स्वतःचे घर, स्वतःची माणसे व स्वतःचा हिशेब राखतो त्यासच वाट पाहण्याचे फळ मिळते. जनसंघाने सत्ता सोडली परंतु आपली संघटना सोडली नाही. म्हणूनच तो टिकला. त्याच्या विचाराशी कोणाचा मतभेद असो वा नसो, ही गोष्ट मान्य करावी लागेल.

हे सर्व एका ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, पक्षास जसा थोरला भाऊ लागतो, तसे त्यास धाकटे भाऊही लागतात, आणि ते तो जातींतून शोधतो. माळी, धनगर व वंजारी यांच्या आद्याक्षरांवरून बनविलेले 'माधव' हे सूत्र भाजपने महाराष्ट्रात वापरले, हे सर्वश्रुत आहे. अन्य पक्षांची सूत्रे निराळी, रीत तीच. निवडणुकीच्या तोंडावर आपल्या मंडळाकडेही निरोप येतात, सभागृहास देणगीचे आश्वासन मिळते, आणि संबंध ज्ञातीच्या नावाने पाठिंब्याचे पत्रक काढण्याची सूचना होते. आपले कित्येक तरुण बंधू त्यास अनुकूल आहेत; आपल्यास कोणी विचारीत नाही, ही त्यांची खंत आम्हांस समजते. ती खोटी नाही.

तरीही आमचे मत असे आहे की, व्यक्ती म्हणून प्रत्येकाने हव्या त्या पक्षात जावे, उमेदवार व्हावे, निवडून यावे. परंतु मंडळाने कोणाची धाकटी पाती होऊ नये. पक्षाजवळ वाट पाहावयास पन्नास वर्षे असतात. आपल्या वसतिगृहातील मुलाजवळ शिक्षणाची तीन-चार वर्षेच असतात. सरकार पडले म्हणून त्याची शिष्यवृत्ती अडता कामा नये, आणि सरकार आले म्हणून शेजारच्या ज्ञातीशी आपली सोयरीक तुटता कामा नये. मागणी असेल तर ती लेखी, मोजकी व सर्व पक्षांपुढे ठेवावी. जो पूर्ण करील त्याचे जाहीर आभार मानावे, आणि तेथेच थांबावे.

जुन्नरच्या लेण्यांतील त्या धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने कोणत्या राजाची बाजू घेतली होती, हे शिलालेखात नाही. तिने सात खोल्या खोदविल्या व एक पाण्याचे टाके दिले, एवढेच तेथे कोरलेले आहे. आपल्या मंडळाच्या अहवालातही पुढील पिढीस असेच काही वाचावयास मिळो, ही आमची इच्छा आहे.